अकरावीला इतिहास घ्यावा का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दहावीच्या निकालानंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत शाखा निवडीचे प्रश्न नेहमीच असतात. यंदा त्यांत इतिहास या एकाच विषयाबद्दल विचारणारी पत्रे बरीच होती, म्हणून हा अंक त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पाठवणाऱ्यांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मला दहावीला 91 टक्के गुण मिळाले. लहानपणापासून गडकिल्ल्यांचे वेड आहे, ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर वाचल्या आहेत. अकरावीला कला शाखेत जाऊन इतिहास घ्यावा असे फार वाटते. घरचे म्हणतात, इतके गुण असताना आर्ट्सला जाणे म्हणजे गुण मातीत घालणे. शिवाय माझ्या सनावळ्या पाठ राहत नाहीत, त्याचीही भीती वाटते. काय करू? (विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

गुणांचा मुद्दा आधी बाजूला काढू. 91 टक्के गुणांनी तुला चांगल्या कनिष्ठ महाविद्यालयात जागा मिळेल, आणि इतिहास चांगला शिकवणारी महाविद्यालये मोजकीच असल्यामुळे त्या गुणांचा उपयोग तिथेच होईल. गुण ‘वाया जातात’ ही भाषा शाखांची उतरंड मनात धरून केलेली आहे आणि तिला उत्तर देत बसण्यात अर्थ नाही.

खरा विचार तुझ्या आवडीचा करायला हवा. कादंबरीची आवड आणि इतिहासाची आवड या एकमेकींच्या शेजारी राहतात, पण त्यांचा घरोबा असतोच असे नाही. कादंबरीकाराला प्रसंग रंगवायचा असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो प्रसंग घडला हे कशावरून कळले, हे आधी विचारावे लागते. तुला सनावळीची भीती वाटते म्हणून उदाहरणही सनावळीचेच घेते. शिवाजी महाराजांची जन्मतारीख 19 फेब्रुवारी 1630 हे तू लहानपणापासून ऐकले असशील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मात्र उत्तरकालीन बखरींमधून आलेली शके 1549 मधली, म्हणजे इसवी सन 1627 ची, वैशाखातली तिथी सर्वमान्य होती. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद होती. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात तीच तिथी आहे आणि राजस्थानात जोधपूरला सापडलेल्या एका कुंडलीशीही ती जुळते. मग प्रश्न असा, की मागाहून लिहिलेल्या बखरींवर विसंबायचे, की घटनेच्या अधिक जवळच्या आणि एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगणाऱ्या साधनांवर? संशोधकांनी दुसरा मार्ग धरला आणि पुढे राज्य शासनानेही ती तारीख स्वीकारली. यात आणखी एक गाठ आहे. 19 फेब्रुवारी ही तारीख त्या वेळी इंग्रज वापरत असलेल्या जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस 1 मार्च 1630 ठरतो, आणि वार दोन्हीकडे शुक्रवारच येतो.

हे वाचताना तुला ‘पुढे काय, कुंडली जोधपूरला कशी गेली?’ असे वाटले असेल, तर इतिहास तुझ्यासाठी आहे. ‘तारीख सांगा आणि मोकळे करा’ असे वाटले असेल, तर गडांवर जाण्याची हौस आयुष्यभर सांभाळ, पण अभ्यासाला दुसरा विषय निवड. यात कमीपणा काहीच नाही.

आणखी एक परीक्षा घरबसल्या घेता येते. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे, म्हणजे इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा आणि उपयोजित इतिहास, पुन्हा काढून वाच. परीक्षेसाठी बहुतेकांनी ती नाक मुठीत धरून पाठ केलेली असतात. गुणांचे ओझे नसताना ती वाचली आणि रांके, वॉल्तेर किंवा राजवाडे ही माणसे नेमका कशावरून वाद घालत होती याचे कुतूहल वाटले, तर ती मोठी खूण समजावी.

राज्य मंडळाचा अभ्यासक्रम काय आहे तेही पाहून ठेव, कारण अनेक मुले दोन वर्षे मराठेशाहीच शिकायला मिळेल अशा समजुतीने येतात आणि पहिल्या सहामाहीतच हिरमुसतात. अकरावीला हडप्पा संस्कृतीपासून मध्ययुगापर्यंतचा भारत आहे आणि मराठ्यांचा भाग त्याच्या अखेरीस येतो. बारावीची सुरुवात युरोपातल्या प्रबोधनापासून होते. तिथून वसाहतवाद, सामाजिक सुधारणा, स्वातंत्र्यलढा, महायुद्धे, शीतयुद्ध असा प्रवास करत बदलत्या भारताशी पुस्तक संपते.

विषयांची जुळणी करताना माझा आग्रह भाषेचा राहील. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल यांपैकी काहीही इतिहासाबरोबर शोभते, मी स्वतः अर्थशास्त्राकडे झुकेन. पण दुसरी भाषा निवडताना केवळ ‘कशात जास्त मार्क पडतात’ एवढेच पाहू नये. प्राचीन काळाची ओढ असेल तर संस्कृत, पाली किंवा अर्धमागधी, मध्ययुगाची असेल तर फारसी किंवा उर्दू, आणि यांतले जवळपास काही उपलब्ध नसेल तर उत्तम मराठी आणि उत्तम इंग्रजी. ज्याला साधनांची भाषा येत नाही, त्याला दुसऱ्याने चावून दिलेल्यावरच भागवावे लागते.

प्रश्न : माझे छोटे दुकान आहे. मुलगा हुशार आहे, पण सायन्स नको, इतिहासच हवा असा हट्ट धरून बसला आहे. विचारले तर म्हणतो, पुढे यूपीएससी करीन, नाहीतर किल्ल्यांच्या संवर्धनाचे काम करीन. इतिहास शिकून पोट भरते का, हे आम्हाला खरे खरे सांगा. (पालक, नाशिक जिल्हा)

खरे सांगायचे तर ‘इतिहासकार’ म्हणून पगार देणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे तर एम.ए. नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते, आणि ती परीक्षा उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारी माणसे आपल्याही परिचयात असतील. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील भरतीची गत याहून फार निराळी नाही. हे मुलाला आजच माहीत असले पाहिजे.

यूपीएससीबद्दल थोडे कठोर बोलतो. त्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात इतिहास आणि संस्कृती आहे आणि वैकल्पिक विषय म्हणूनही इतिहास घेता येतो, हे खरे. पण अभियंते आणि डॉक्टरही तोच इतिहास वाचून ती परीक्षा देतात. तेव्हा ‘यूपीएससी करायची म्हणून इतिहास’ हे कारण तकलादू आहे. पदवीची तीन-चार वर्षे आपल्याला आवडणारा विषय वाचत ती तयारी करता येईल इतपतच त्याला अर्थ आहे. त्या परीक्षेत निवड न होणाऱ्यांची संख्या निवड होणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट मोठी असते आणि दुसरी वाट हाताशी नसेल तर पंचविशी उलटल्यावर मुलगा कोंडीत सापडतो.

ही दुसरी वाट कोणती असू शकते? वकिली ही सर्वांत मळलेली आणि भक्कम वाट. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी राज्याची सीईटी देऊन जाऊ शकतो, आणि कागदांच्या ढिगातून क्रम लावून युक्तिवाद उभा करणे हे जे वकिलाचे काम, त्याचा सराव इतिहासाच्या चांगल्या विद्यार्थ्याला आधीच झालेला असतो. पत्रकारिता, प्रकाशन आणि अनुवाद ही क्षेत्रे आहेत, पण तिथे पदवीपेक्षा लिहिता हात पाहिला जातो. वस्तुसंग्रहालये, पुराभिलेखागारे आणि पुरातत्त्व खाते यांत जागा कमी निघतात, तरी निघतात. त्यांसाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेखविद्येचा पदविका अभ्यासक्रम किंवा ग्रेटर नोएडा येथील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संस्था अशी पुढची शिक्षणाची ठिकाणे आहेत.

एका लहानशा पण खात्रीच्या कौशल्याकडे मात्र आपले लक्ष वेधतो, ते म्हणजे मोडी वाचन. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी महसुली दप्तरे आणि शाळांची रजिस्टरे बाहेर निघाली आणि ती वाचणार कोण, असा प्रश्न पडला. मोडीचे जाणकार शोधून आणावे लागले. जमिनीचे जुने दस्त, वाटण्यांचे कागद, इनामांच्या सनदा यांसाठी वकील आणि सामान्य कुटुंबेही मोडी वाचणाऱ्याच्या शोधात असतात. ही लिपी शिकायला सोपी नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे अशी तिची रीत असल्यामुळे दोन शब्दांत जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो. तारखेसाठी तर वेगळीच विद्या लागते. पेशवेकालीन पत्रात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे साल दिसते. हे अरबी अंक उजव्या टोकापासून मांडले तर एक हजार, शंभर, साठ आणि एक, म्हणजे सुहूर सन 1161 होते. हे साल मृगाला बदलते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रात 599 आणि जानेवारीपासून पुढच्या पत्रात 600 मिळवायचे. पानिपतची लढाई याच सालातली, 14 जानेवारी 1761 ची. एवढे एकदा हाताखालून गेले की माणूस ते विसरत नाही. पुराभिलेख संचालनालय आणि काही विद्यापीठे मोडीचे वर्ग घेतात. अकरावीच्या सुट्टीत मुलाला त्या वर्गाला बसवा. तो टिकला तर त्याची आवड टिकाऊ आहे असे समजायला हरकत नाही, आणि नाही टिकला तर फार काही बिघडलेले नसेल.

आता किल्ल्यांच्या संवर्धनाचा मुद्दा. इथे आपल्या मुलाची माहिती अपुरी आहे आणि ती वेळीच पुरी होणे महत्त्वाचे आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांतले 11 महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून या क्षेत्राबद्दल तरुणांचे आकर्षण वाढले आहे, ते चांगलेच आहे. परंतु ढासळलेला बुरूज कसा सावरायचा, चुन्याचा दर्जा कसा ठरवायचा, पाण्याचा निचरा कुठून काढायचा, हे निर्णय प्रामुख्याने संवर्धन वास्तुविशारद आणि अभियंते घेतात. वास्तुकलेच्या पदवीला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. म्हणजे ज्याला किल्ला वाचायचा आहे त्याने इतिहास घ्यावा, आणि ज्याला किल्ला बांधकाम म्हणून दुरुस्त करायचा आहे त्याने गणित सोडून चालणार नाही. मुलाला यांपैकी नेमके काय हवे आहे हे त्याच्याशी शांतपणे बसून बोला. ‘आधी पोटापाण्याचे बघ, मग किल्ले’ या सुरात बोलणे सुरू झाले तर तो काहीच सांगणार नाही.

हेही लक्षात असू द्या की ही वाट एका बाजूनेच उघडी आहे. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला इतिहासाच्या बी.ए.ला प्रवेश मिळतो. कला शाखेतून बारावी झालेल्याला अभियांत्रिकीला मिळत नाही. मुलाच्या मनात थोडीही चलबिचल असेल तर ही गोष्ट निर्णायक ठरावी. चलबिचल मुळीच नसेल, तर नको असलेल्या विषयांत दोन वर्षे आणि शिकवणीची भरमसाट फी घालवण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : मी बारावीला आहे, इतिहास घेतला आहे. सविस्तर उत्तरांत मी पुरवणी लावून लावून लिहितो, तरी चाचणीत निम्मेच गुण मिळतात. सर म्हणतात, ‘नुसते सांगू नकोस, मांड.’ म्हणजे काय करायचे? (विद्यार्थी, लातूर)

सरांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते फार थोडक्यात सांगितले गेले आहे. समजा प्रश्न आहे की मराठी सत्तेचा अस्त का झाला. बहुतेक उत्तरपत्रिकांत 5 नोव्हेंबर 1817 ची खडकीची लढाई येते, शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजांचे निशाण येते, मग कोरेगाव, मग आष्टीला बापू गोखल्यांचा मृत्यू, आणि शेवटी जून 1818 मध्ये माल्कमला शरण गेलेला दुसरा बाजीराव बिठूरला जातो. तपशील सगळे बरोबर असतात. पण हे ‘कसा झाला’ याचे उत्तर आहे आणि विचारलेले होते ‘का झाला’.

आता तेच उत्तर मागून सुरू करून पाहा. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. पेशवा पुणे सोडून कोकणात उतरला, इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला त्याने वसईचा तह केला. या तहाने कंपनीची 6000 फौज पदरी आली आणि तिच्या खर्चापोटी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख गेला. इथे थांबून विचार कर. फौज कंपनीची, पैसा पेशव्याचा, आणि परराज्यांशी बोलणी करायची तर परवानगी पुन्हा कंपनीची. 1817 च्या लढाया होण्याआधी पंधरा वर्षे निर्णयाचा अधिकार हातून गेलेला होता. हे एक वाक्य तुझ्या उत्तराचा कणा होऊ शकते, आणि मग खडकी-आष्टी हे तपशील त्याच्या आधाराला येतील. ‘सरदारांमध्ये दुफळी होती’ हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते. तू हडपसरची लढाई त्याच्या पुराव्यादाखल दिलीस की तेच वाक्य वजनदार होते.

लिहिण्याआधी कच्च्या पानावर उत्तराचा दावा एका ओळीत लिहून काढ. ती ओळ जमत नसेल तर उत्तर अजून तयार नाही. पुरवण्यांची संख्या आपोआप कमी होईल आणि तुझ्या सरांचाही वेळ वाचेल.

लेखी परीक्षेच्या 80 गुणांपलीकडे 20 गुण तोंडी परीक्षा आणि प्रकल्पाचे असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नकोस. आंतरजालावरून चित्रे चिकटवलेले प्रकल्प तपासून शिक्षक कंटाळलेले असतात. तू लातूरचा आहेस. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तुझा भाग निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचे विलीनीकरण तुझ्या पाठ्यपुस्तकातच आहे. रझाकारांच्या काळात तुमच्या गावातली कुटुंबे सीमेपलीकडे कुठे गेली, हे सांगणारी वृद्ध माणसे आता थोडी उरली आहेत. ती भेटली नाहीत तर 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाचे साक्षीदार घरोघर सापडतील. त्यांच्यापैकी तिघाचौघांना तेच प्रश्न विचार, उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घे आणि जिथे त्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत तिथे खूण कर. प्रकल्पाचा मजकूर त्या खुणांपाशीच सापडेल. बोलणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि कुणाला त्या रात्रीबद्दल बोलायचे नसेल तर विषय तिथेच सोडावा.

प्रश्न : मुलीने अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला आहे, पण पुढे पुरातत्त्व शिकायचे म्हणते. आता शाखा बदलावी का? (पालक, ठाणे)

बदलू नये. डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि विज्ञानाची पार्श्वभूमी या विषयात कामाला येते. भीमेच्या खोऱ्यातील इनामगावचे उत्खनन 1968 पासून अनेक हंगाम चालले. तिथले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी काय पिकवत होते, कोणती जनावरे पाळत होते, हे जळके धान्य आणि हाडे तपासणाऱ्या अभ्यासकांमुळे कळले. जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र मनापासून शिकावे, पदवीच्या काळात इतिहासाचे वाचन आणि शक्य झाल्यास एखाद्या उत्खननात स्वयंसेवक म्हणून काम करावे.

प्रश्न : मी फोंड्याची. बारावीनंतर इतिहासातच बी.ए. करायचे ठरवले आहे. गोव्याच्या इतिहासासाठी आतापासून काय तयारी करावी? (विद्यार्थिनी, गोवा)

पोर्तुगीज शीक, आणि आजच सुरुवात कर. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज राजवटीचे शतकानुशतकांचे कागद आहेत, आणि त्यांच्याशिवाय केवळ गोव्याचाच नव्हे तर मराठ्यांचाही इतिहास अपुरा राहतो. संभाजी महाराजांची 1683 ची गोव्यावरील स्वारी किंवा चिमाजी अप्पांची 1739 ची वसईची मोहीम यांची दुसरी बाजू त्याच कागदांत आहे. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी त्या दप्तरखान्यात आयुष्य घालवून मराठे-पोर्तुगीज संबंधांवर जे काम केले, ते त्यांना दोन्हीकडची भाषा येत असल्यामुळेच होऊ शकले. त्याच दप्तरात मोडीतले मराठी कागदही आहेत, त्यामुळे पोर्तुगीज आणि मोडी ही जोडी तुझ्या हाती आली तर एम.ए.ला विषय शोधत फिरावे लागणार नाही. गोव्यात पोर्तुगीजचे वर्ग सहज मिळतात. सुरुवातीला बोलण्यावर भर देणारा वर्ग चालेल, मात्र जुन्या हस्ताक्षराचे वाचन वेगळे शिकावे लागेल, आणि ते अभिलेखागारात बसूनच जमते. त्यासाठी महाविद्यालयाचे शिफारसपत्र घेऊन पहिल्याच वर्षी तिथे नाव नोंदव.